हात वाळेपर्यंत

१२ जानेवारी

मधल्या,

पाकीट फाडण्याआधी एवढं वाच, की मी भांडायला बसलेली नाही. भांडण सात महिन्यांपूर्वी झालं, अख्ख्या नाटक कंपनीसमोर झालं. तू तुझं नाटक वाचून दाखवलंस आणि सगळे टाळ्या वाजवत असताना मी उभी राहून म्हणाले, "ही आमची आई आहे. हिला वेडी ठरवून तू चोरून आणलंस." ते शब्द परत घ्यायला मी पत्र लिहीत नाहीये. दुसऱ्या दिवशी तू शहर सोडशील, एवढं मात्र मला वाटलं नव्हतं.

तुझं नाटक उभं राहतंय. मार्चमध्ये पहिला प्रयोग. मी कपडेपट सांभाळते, त्यामुळे कुठल्याही नाटकात मला आधी माप घ्यावं लागतं आणि मग मत बनवता येतं. आईच्या भूमिकेचं माप काल घेतलं. ती भूमिका वादळ करतेय. हो, तीच, जिला समोर सगळे 'बाई' म्हणतात आणि पाठ वळली की 'वादळ'. तीन दिग्दर्शकांना रडवलेली आणि एका समीक्षकाच्या अंगावर चहा सांडलेली. मापाला उभी राहिली आणि विचारते, "तुझ्या भावाने लिहिलंय, की ही बाई रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या एका रिकाम्या फळीपुढे उभी राहते. फळीवर मूर्ती नाही, तसबीर नाही, काही नाही. मग ती नेमकं करते काय?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

"तोंडातल्या टाचण्या काढ आणि मग खोटं बोल," ती म्हणाली. "ती फळी तुमच्याच घरात आहे, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. मला बघायची आहे."

मी नाही म्हणाले. आईला या नाटकातलं अक्षर माहीत नाही. तिला वाटतं, तू बदली मागून घेतलीस.

ताई


२ फेब्रुवारी

मधल्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिणार.

वादळ घरी येऊन गेली. मी बोलावलं नव्हतं. सकाळी सातला दार वाजलं आणि आईनेच उघडलं. ही दारात उभी, जुना स्वेटर घालून, केस बांधून, चेहऱ्याला कसला रंग नाही. मी क्षणभर ओळखलंच नाही. "मी हिच्यासोबत काम करते," म्हणाली. "हिला सोबत न्यायला आले."

आजवर मला न्यायला कुणी आलेलं नाही. पण आई म्हणाली, "या, बसा. माझं एक काम आहे, तेवढं आटपते," आणि आत गेली.

तुला आठवतं का ते सगळं? की तुला फक्त तू लिहिलेलं आठवतं? मी तर रोज तिच्यासोबत राहते, तरी कित्येक वर्षांत मी तिकडे वळून बघितलं नव्हतं. नळ चालू असताना नळाचा आवाज येत नाही तसं. त्या दिवशी वादळ बघत होती, म्हणून मीही बघितलं.

आईने वाटीत पाणी घेतलं. फडकं भिजवलं, पिळलं, फळी पुसली. डावीकडून उजवीकडे, मग कडा, मग खालून. फडकं वाटीत ठेवलं आणि उभी राहिली. ओले हात छातीपाशी, एकावर एक. डोळे उघडे. ओठ हलत नव्हते. थंडी होती, त्यामुळे बराच वेळ गेला. मग तिने तळवे उलटसुलट करून पाहिले. वाळले होते. ती वळली आणि म्हणाली, "चहा घेणार ना?"

एवढंच. हात वाळेपर्यंत.

जिन्यावर वादळ माझ्यापुढे उतरत होती. शेवटच्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "मी पंचवीस वर्षं रंगमंचावर देवाला हाका मारतेय. त्या बाईने तोंडसुद्धा उघडलं नाही, आणि माझे पाय लटपटतायत."

मी म्हटलं, "बाई, उपाशीपोटी आलात, म्हणून असेल."

असं काहीतरी बोलणं भाग होतं.

ताई


१९ फेब्रुवारी

मधल्या,

तुझा निरोप पोहोचला. मला नाही, दिग्दर्शकांना. फोनवर म्हणालास म्हणे, "किंकाळी राहील. नाहीतर नाटक परत द्या." आता किंकाळीवरून काय रामायण चाललंय ते ऐक.

वादळ रोज सकाळी सातला आमच्याकडे येते. आईही तिची वाट बघते. तालमीत मात्र तिसऱ्या अंकाशी आली की गाडी अडते. तुझ्या संहितेत मुलगा हातोडीने फळी उखडतो, आई किंकाळी फोडून कोसळते, आणि अंधार. वादळ फळी पडेपर्यंत सगळं करते आणि मग नुसती उभी राहते.

"किंकाळी!" दिग्दर्शक खालून ओरडतात.

"ही बाई किंचाळत नाही, मास्तर."

"नाटककाराने लिहिलंय. तिच्या मनात अपराध दडलाय, गेलेल्या बाळाच्या तापाकडे तिने दुर्लक्ष केलं. ती त्या अपराधाचीच पूजा करते. फळी तुटली की अपराध उघडा पडतो. एवढं सरळ आहे!"

"सरळ आहे, हेच मला पटत नाही."

दिग्दर्शकांनी वही आपटली. खरं सांगू, मला त्यांचीही दया आली. ते वाईट नाहीत. तू जे लिहिलंस ते उभं करणं, हे त्यांचं काम. आणि तू चांगलं लिहिलं आहेस, मधल्या. दुसऱ्या अंकात ती बाई डॉक्टरांना म्हणते, "माझ्या मनात दोघी राहतात आणि दोघींना एकच चूल आहे." ते वाक्य आलं की मी इस्त्री बाजूला ठेवते.

आता जे सांगायचं टाळत होते ते. परवा सकाळी वादळ गेल्यावर आईने कप विसळता विसळता विचारलं, "ती मला पाठ का करतेय?"

मी नळ बंद केला.

"हात कसे धरते मी, मान कुठे असते, सगळं बघते. परवा जिन्यात करून बघत होती. मला वरून दिसलं." आणि मग, अगदी साधेपणाने: "त्याने लिहिलंय का?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने कप पालथा घातला. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"चांगलं लिहिलंय का?" तिने विचारलं.

ताई


४ मार्च

मधल्या,

हे पत्र मी तीनदा फाडलंय. तुला चोर म्हणाले होते ना? मग आता चोराला माल कुणी दाखवला तेही सांगते.

बाळ गेलं तेव्हा मी बारा वर्षांची, तू आठ, आणि ते चौदा महिन्यांचं. तोवर तू मधला होतास, नंतर तू धाकटा झालास. मी मात्र तुला मधलाच म्हणत राहिले. बाबा जहाजावर होते. महिनाभराने तू एकदा शाळेतून आलास आणि वह्या त्या फळीवर ठेवल्यास. आईने एक शब्द न बोलता त्या उचलून तुझ्या पलंगावर नेऊन ठेवल्या. तू जिन्यात बसून रडत होतास. मी शेजारी येऊन बसले. तू विचारलंस, "तिथे काही नाहीये, मग माझ्या वह्या का नाही?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण मोठी बहीण होते, उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं. मी म्हणाले, "तिथे बाळ बसतं. आई त्याच्याशी बोलते. मी दाराआडून ऐकलंय."

मी काही ऐकलं नव्हतं, मधल्या. ती कधीच बोलत नव्हती. तुझी समजूत काढायला मी रचलं, आणि तू डोळे पुसलेस म्हणून मला वाटलं, जमलं. तुझ्या नाटकाचा सगळा डोलारा माझ्या त्या एका वाक्यावर उभा आहे. वाचनाच्या दिवशी ते वाक्य नटाच्या तोंडून येणार हे कळलं, तेव्हा मला जो राग आला तो तुझा नव्हताच.

आता आईचं ऐक. काल सकाळी वादळने शेवटी विचारलंच. "मावशी, तिथे कोण आहे?"

आई हसली. "कोणी नाही हो."

"मग?"

आई खुर्चीवर बसली. मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले, मान वर करायचं धाडस झालं नाही. ती म्हणाली:

"बाळ गेलं त्याच्या चौथ्या दिवशी दोन्ही मुलांना शाळेत पाठवलं. मी ठरवलं होतं, संध्याकाळी ती घरी येतील तेव्हा मी नसेन. पुलापर्यंत चालत जायचं, मग परत यायचं नाही. पण मागे पसारा नको, म्हणून घर आवरलं. त्या फळीवर औषधाच्या बाटल्या होत्या, ताप बघायची नळी होती. ते सगळं काढलं, फळी पुसली. झालं. आता कुलूप लावायचं आणि निघायचं. पण हात ओले. पुसायला काही नाही, सगळी फडकी भिजत घातलेली. ओल्या हातांनी कुलूप निसटतं. म्हणून उभी राहिले, हात वाळेपर्यंत."

वादळने हातातला कप खाली ठेवला.

"समोर ती फळी. स्वच्छ. रिकामी. चार दिवसांत मी जिकडे बघेन तिकडे बाळ दिसायचं, आणि तिथे काहीच नव्हतं. मी बघत राहिले. काय होतं ते मला सांगता येणार नाही, मी शिकलेली नाही. मोठं होतं. माझ्याहून मोठं, माझ्या दुःखाहूनही मोठं. आणि त्याला कसली घाई नव्हती. ते मला थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. हात वाळले, तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली होती. जायचं राहूनच गेलं."

"आणि रोज?"

"रोज जरा हजेरी लावते. मागत काही नाही. आपण आहोत, एवढं सांगायचं."

चौतीस वर्षं, मधल्या. मी समजत होते की आपल्या घरात एक दुखरी जागा आहे, तिकडे बघायचं नसतं. आणि तू आणि मी आज जिवंत आईची मुलं आहोत ती त्या जागेमुळे. मी हातातली जुडी खाली ठेवली आणि त्या फळीकडे पाहिलं. साधी पांढरा रंग दिलेली फळी, एका टोकाला रंगाचा पोपडा निघालेला.

वादळने विचारलं, "मावशी, मी हे रंगमंचावर केलं तर चालेल?"

आई म्हणाली, "माझं काय त्यात? फळी काय माझ्या एकटीची आहे?"

ताई


१६ मार्च

मधल्या,

काल पहिला प्रयोग झाला. दुपारी चारला. तू आला नाहीस. शेवटच्या रांगेपर्यंत मी बघितलं.

आईला मी चौथ्या रांगेत कडेला बसवलं. तिसऱ्या अंकात कपडे बदलायचे नसतात, म्हणून मध्यंतरानंतर मीही तिच्याशेजारी जाऊन बसले. वादळने आदल्या दिवशी दिग्दर्शकांना शब्द दिला होता, "देईन तुमची किंकाळी." ती दिलेला शब्द पाळते, त्यामुळे मी आईला आधीच सांगून ठेवलं, "शेवटी जरा मोठा आवाज होईल, दचकू नकोस."

मुलाचं काम करणारा नट हातोडी घेऊन आला. तुझं वाक्य म्हणाला, "तिथे काहीच नव्हतं, आई, तरी माझ्यासाठी जागा नव्हती!" आईने माझं मनगट पकडलं. वेड्या बाईच्या प्रसंगांना ती शांत बसली होती, डॉक्टरांच्या बडबडीला एकदा हसलीही होती. या वाक्याला मात्र तिची बोटं माझ्या हातात रुतली.

हातोडी बसली. फळी सुटली, एका खिळ्यावर लोंबकळली, पडली. पाण्याची वाटी कलंडली. वादळने तोंड उघडलं. सगळं सभागृह किंकाळीसाठी आवळून बसलेलं.

आवाज आला नाही.

नंतर तिने मला सांगितलं, "शपथेवर सांगते, मी देणार होते. छातीत हवा भरली होती. पण समोर उघडी भिंत दिसली, आणि फळी असतानाचं आणि नसतानाचं, दोन्ही एकच दिसलं."

तिने तोंड मिटलं. खाली वाकून फडकं उचललं. फळीच्या जागी भिंतीवर दोन भोकं आणि एक फिकट पट्टा उरला होता, तो पुसला. डावीकडून उजवीकडे. कडा. खालून. फडकं ठेवलं. ओले हात छातीपाशी, एकावर एक.

प्रकाशयोजना करणाऱ्याला खूण किंकाळीची होती. किंकाळीच नाही, तर अंधार कसा करणार? त्याने बोटं बटणावर ठेवली आणि तशीच ठेवली. पडदेवाला अंधाराची वाट बघत होता. दिग्दर्शक विंगेत डोकं धरून उभे. कुणाला काय करावं ते सुचेना, आणि म्हणून कुणी काहीच केलं नाही. सगळे दिवे लख्ख चालू आणि एक बाई उघड्या भिंतीपुढे उभी.

किती वेळ? पडदेवाला म्हणतो चार मिनिटं. मी दीडेक हजार प्रयोग पाहिलेत. रंगमंचावर अर्धं मिनिट शांतता राहिली की लोक खोकतात, चुळबुळतात, कुणाची तरी पिशवी वाजते. काल पहिल्या मिनिटात काही खोकले आले. दुसऱ्यात थांबले. तिसऱ्यात माझ्या पुढच्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थांनी मांडीवरचा कोट हळूच बाजूला ठेवला आणि ताठ बसले, कुणीतरी आत आल्यावर बसावं तसे. मुलाचं काम करणाऱ्या नटाने हातोडी जमिनीवर टेकवली, आवाज न करता, मूल झोपलं असताना ठेवतो तशी. मी तिथे होते आणि तिथे काहीतरी होतं. मला आईचेच शब्द येतात. मोठं होतं आणि त्याला घाई नव्हती.

वादळने तळवे उलटसुलट करून पाहिले. वाळले होते. ती मुलाजवळून चालत, त्याच्या खांद्याला सहज हात लावून, आत निघून गेली. रंगमंचावर फक्त भिंत. कुणी टाळी वाजवली नाही. पडदेवाल्याने शेवटी स्वतःच्या अकलेने पडदा ओढला, आणि लोक एक एक करून उठले, हळू आवाजात बोलत, दार दुसऱ्यासाठी धरून ठेवत.

तुझा एकही शब्द बदललेला नाही. तिथे तुझा शब्द नव्हताच.

रंगपटात दिग्दर्शक वादळसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता जुंपणार. ते म्हणाले, "उद्या पुन्हा असं होईल का?"

"माहीत नाही, मास्तर."

"मग दिव्यांसाठी खूण काय देऊ?"

"हात वाळले, की."

त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. आई मागे उभी होती. पुढे झाली आणि वादळला म्हणाली, "छान केलंत. पण पाणी फार घेता हो हाताला. मी एवढं नाही घेत." आणि ज्या बाईने तीन दिग्दर्शकांना रडवलं, ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. नव्या कपड्यांना रंग लागला. लागू दे, धुवेन.

ताई


२० मार्च

मधल्या,

प्रयोगाहून घरी येताना आईने रस्त्यात विचारलं होतं, "ते जागा नसल्याचं, ते खरं आहे का? त्याला तसं वाटलं होतं?"

मी सगळं सांगितलं. वह्या, जिना, माझी थाप. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, लोक येत-जात होते. मी म्हटलं, "आई, तू त्याच्या वह्या काढल्यास म्हणून तो रडत होता."

ती कितीतरी वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "अगं, फळी ओली होती."

"काय?"

"मी नुकती पुसली होती. त्या दिवशी सकाळी जमलं नव्हतं, दुपारी पुसली. त्याच्या वह्या भिजल्या असत्या. शाई पसरली असती, मास्तर ओरडले असते. म्हणून उचलून पलंगावर ठेवल्या."

फळी ओली होती, मधल्या. मी हे वाक्य पाच दिवस मनात घेऊन फिरतेय. आधी हसू आलं, मग हे लिहायला बसले. तुला कसं वाटेल मला माहीत नाही. नाटक बदलायचं की नाही ते तू ठरव. दिग्दर्शक म्हणतात, आहे तसंच राहू द्या. मला फक्त माझी थाप परत घ्यायची आहे. ती मी या पत्राने घेते. मला माफ कर.

आईला मी म्हटलं, "पत्रात लिहू का त्याला हे?"

"लिही. पण मी जाऊन सांगते," ती म्हणाली. "असल्या गोष्टी कागदावर कोरड्या होतात."

चौतीस वर्षांत तिने एकही सकाळ ते घर सोडलेलं नाही. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा. मी विचारलं, "आणि फळीचं काय?"

"ती कुठे जातेय?" म्हणाली, आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढली. या वयात. मी ओरडले, तर माझ्यावरच डाफरली.

रविवारी सकाळच्या गाडीने ती एकटी निघतेय. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली, "तुझे प्रयोग आहेत, आणि हे माझं आणि त्याचं आहे." आठ दिवस राहील. तिला मऊ उशी लागत नाही. रात्री पाण्याचा तांब्या जवळ ठेव. जिने चढताना हात धरलेला तिला आवडत नाही. मागे चाल, पण दिसू देऊ नकोस.

गाडी सव्वाअकराला पोहोचते. तू अकरालाच जाऊन थांब. ती खिडकीशी असेल. तिला हल्ली लांबचं दिसत नाही, म्हणून दुरून हात हलवत उभा राहू नकोस. जवळ जा आणि हाक मार.

ताई